सेकंदाला सहा

बाबा नुओर्गामला, नदीपलीकडे नॉर्वे.
मी ओउलूत, एक्स्चेंजच्या तिसऱ्या मजल्यावर.
मध्ये साडेसहाशे किलोमीटर पाइन आणि दलदल,
आणि दर रविवारी सहाला फोन.

बोलण्यात दोघंही कंजूष.
"बर्फ?" "आहे."
"गुडघा?" "आहे तोही."
मग बराच वेळ कोणीच काही नाही.
तेव्हाच्या फोनला एक अख्खी वाट लागे,
त्यांच्या चुलीपासून माझ्या कानापर्यंत
फक्त आमच्यासाठी अडवून ठेवलेली.
बोला नाहीतर नका बोलू, मीटर चालू.
महिनाअखेरीला बिल: सत्तेचाळीस मिनिटं,
त्यातली चाळीस गप्प बसल्याची.
आई म्हणायची, गप्पच बसायचं तर घरी येऊन बस,
फुकट आहे.

पुढे मला डेटाच्या कामाला लावलं.
बाबांनी विचारलं, म्हणजे करतेस काय?
म्हटलं, तुम्ही रेनडिअरचं करता तेच.

उन्हाळ्यात वासरांच्या कानाला खाचा पाडता,
ही तिरकी ओउलाची, ही दुहेरी मागरेताच्या घरची,
आणि सगळी जनावरं एकाच डोंगरावर सोडून देता.
कोणाला कुंपण नाही, कोणाची राखीव पायवाट नाही.
पानं लाल झाली की एका फाटकातून सगळा कळप आत,
आणि कान बघून
ज्याचं त्याला.

तसंच हे. फोटो असो, पत्र असो, तुकडे करायचे.
प्रत्येकाच्या कानावर खूण:
कोणाचा, कुठे जायचा, कितवा.
मग हवेत सोडायचे, परक्या तुकड्यांत मिसळून.
फट मिळेल तसे धावतात.
सतरावा आधी पोचतो, नववा रेंगाळतो,
एखादा येतच नाही,
मग पलीकडून निरोप: बारावा पुन्हा पाठव.

"आमच्यात पुन्हा पाठवता येत नाही," बाबा म्हणाले.
"बारावा गरुडाने नेला की नेला."

आता आवाजसुद्धा असाच जातो.
बोलत असाल तर सेकंदाला पन्नास तुकडे.
नसाल तर वाट मोकळी, दुसऱ्या कोणाला.
इनारीतली एखादी मुलगी जुन्या स्नोमोबिलचा फोटो टाकते,
विकायचीय म्हणून,
तो आमच्या गप्प बसण्यातून पार होतो.
कागदावर मला हे कळत होतं.
रविवारी कळत नव्हतं,
कारण फोनमध्ये अजून येत होती
त्यांच्या चुलीची बारीक घरघर.

एकदा माझ्याच फोनला चाचणीचं यंत्र जोडलं.
सहा वाजले. "बर्फ?" "वितळतोय."
पडद्यावर पन्नास, पन्नास, पन्नास.
मग बाबा थांबले
आणि ओळी विरळ झाल्या.
विरळ, पण बंद नाही.
सेकंदाला सहा, चिमुकले तुकडे.
आम्ही त्यांना म्हणतो शांततेचं वर्णन:
इथे कोणी बोलत नाहीये,
खोलीत आवाज साधारण एवढा.
बस्स, इतकंच.
ते वाचून माझा फोन
माझ्याच कानात घरघर तयार करत होता,
नाहीतर माणसाला वाटतं, पलीकडचा गेला.

म्हणजे ती चूल नव्हतीच.
इतके रविवार.

राग आला, कोणाचा ते कळेना.
बाबांना सांगून टाकलं.
ते गप्प.
सहा. सहा. सहा.
"चूल तर मी मार्चातच काढली," म्हणाले.
"हीटर लावलाय. आवाजच करत नाही."
थोड्या वेळाने,
"तुला कशी ऐकू येते?"
"चुलीसारखीच."

"मग असू दे."

फोन ठेवला नाही कोणीच.
खाली रस्त्यावर नांगर बर्फ ओढत गेला,
तेवढ्यापुरत्या माझ्या बाजूने
पन्नास ओळी गेल्या असतील.